आंब्याफणसांखालची विहीर

सहावीत शाळा सुटली. पुढे हिंगोलीहून इतक्या लांब, देवगडच्या किनाऱ्यावर, ज्या साहेबांनी मला आणलं आणि हातात जीपीएसचं यंत्र दिलं, त्यांच्यामुळे माझ्या घरची चूल पेटली. हे आधीच लिहितो. पुढचं वाचून कुणी त्यांना दोष देऊ नये.

दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. ग्रामपंचायतीच्या मालकीचं जे जे असेल, नळ, विहिरी, बालवाडी, स्मशानशेड, त्याच्याजवळ उभं राहून यंत्रावर जागा नोंदवायची. त्यावरून संगणकावर गावाचा नकाशा व्हायचा.

एका वाडीची विहीर आंब्याफणसांच्या गच्च सावलीत होती. तिथं यंत्राला उपग्रह सापडेनात. मी हात वर धरून गोल गोल फिरत होतो. मागच्या घरातली मासे विकणारी बाई ओरडली, "अरे घाट्या, त्या डब्यात बांगडे गावतत काय?" मग हसत हसत तिने मला ओट्यावर बसवून पेज वाढली.

सावली असली की जवळच्या मोकळ्या जागेतून नोंद घ्यायची आणि शेऱ्यात दिशा, पावलं लिहायची, असा नियम होता. मोकळं होतं ते शेजारच्या बागायतदाराचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. तिथून नोंद घेतली. शेरा राहिला. साहेब हॉर्न वाजवत होते आणि मला चार शब्द लिहायलाही वेळ लागायचा.

नकाशा पंचायतीत लागला. काही महिन्यांनी बागायतदाराने विहिरीसकट झाडांभोवती चिऱ्यांच्या भिंतीचा गडगा घातला, फाटकाला कुलूप लावलं. वाडीने तक्रार केली, म्हणून ग्रामसेवकांबरोबर साहेब आणि मी पाहणीला गेलो.

बागायतदार शांतपणे म्हणाला, "नकाशा पंचायतीचा, माझा नव्हे. त्यात सार्वजनिक विहीर माझ्या खळ्यात आहे, झाडांखाली नाही. खळ्यात सापडली तर खुशाल पाणी भरा."

मी यंत्र घेऊन खळ्यातल्या नोंदीच्या जागेवर उभा राहिलो. पायाशी सुपाऱ्या वाळत होत्या.

"इथे विहीर आहे?" ग्रामसेवकांनी विचारलं.

"नाही."

बागायतदाराचे गडी खो खो हसले.

ती बाई रिकामी कळशी घेऊन पुढे आली. "तू माझ्याकडे पेज जेवलंस, तां पाणी खंयचा होता रे? तुझ्या डब्याक डोळे नाय, पण तुका आसत मा?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. चूक कबूल केली तर सगळ्या गावांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागणार, आणि मी हिंगोलीला.

"बाई, यंत्रात आहे ते आहे," मी म्हणालो.

"बरा केलंस हो," ती म्हणाली. "जेवलेला पचला मा पण?"

नोंदीच्या जागी विहीर नाही म्हणून ग्रामसेवकांनी ती सार्वजनिक यादीतून काढली. परतताना ती बाई उतारावर दिसली, कळशी कमरेवर, खालच्या वाडीच्या नळाकडे निघालेली. जीपने तिच्या अंगावर तांबडी धूळ उडवली.

"काच वर घे," साहेब म्हणाले.

मी घेतली.