अण्णांचा पक्ष आणि माझा पार्ट

आज पहाटे बालाजी अण्णा गेले.
त्यांच्या पक्षाला मी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही.

सलीमभाईंचा फोन आला. आमच्या नाटकांचे लाइटवाले. "बेटा, अण्णा गुजर गये." एवढंच बोलले आणि फोन चालू ठेवून रडत राहिले.

मी मुंबईत, सेटवर. नांदेडला पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल. म्हणून इथे लिहितेय.

अण्णा म्हणजे नांदेडात राहून, तिकीट लावून नाटक करणारा माणूस. डायरेक्टर तेच, प्रोड्यूसर तेच, गाडी पंक्चर झाली की स्टेपनी बदलणारेही तेच. मुखेड, देगलूर, उदगीर, लातूर. स्टेज मिळेल तिथे प्रयोग.

मी बिलोलीची. नांदेडला कॉलेजात होते आणि विद्यार्थी संघटनेत फुल अ‍ॅक्टिव्ह. ऑडिशनला गेले तेव्हाही ओढणीवर संघटनेचा बिल्ला होता.

"तो बिल्ला काढ."
"कामून?" मी भांडायच्या तयारीतच होते.
"पार्ट सरपंचाच्या सुनेचा हाय. तिच्याकडं बिल्ला नसतो."

आणि त्यांनी स्वतःच्या गळ्यातला पक्षाचा गमछा काढून खुर्चीवर टाकला.
"हां. आता वाच."

पार्ट मिळाला.

त्यानंतर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. गाडीत ते पुढच्या सीटवर, मी मागे. अहमदपूरच्या चहापर्यंत मी सरकार पाडायची, चहा झाला की अण्णा ते परत उभं करायचे. सलीमभाई वैतागायचे. "दोनों चुप बैठो, मेरा सर दुखरा."

मग मला सिरियल मिळाली. नायिकेची बहीण. बिलोलीच्या बसस्टँडवर बायका थांबवून विचारायच्या, "लगीन कधी करायलीस गं?"

आणि मी एक पोस्ट लिहिली. तेव्हा चालू असलेल्या एका आंदोलनाच्या बाजूने. इथेच, याच प्रोफाइलवर.

सिरियलवाल्यांचा फोन आला, डिलीट कर. मी नाही केली.
कुणी ओरडलं नाही. कुणी काढूनही टाकलं नाही. फक्त माझ्या पात्राला शिकायला परदेशात पाठवलं.

ती अजून परत आलेली नाही.

काम बंद झालं. फोन बंद झाले. मी बिलोलीला येऊन आईजवळ बसले. तेव्हा अण्णांचा फोन आला.

"तुझी पोस्ट वाचली. लई फालतू लिहिलीस."
मी फोन ठेवणारच होते.
"ते असू दे. नवीन नाटक बसवायलोय. मेन पार्ट हाय. सोमवारी ये."

अण्णा तेव्हा पक्षाच्या सांस्कृतिक आघाडीचे प्रमुख. नगरसेवकाचं तिकीट यंदा त्यांनाच, असं सगळी गल्ली म्हणायची. आणि आमच्या लातूरच्या पहिल्या प्रयोगाचे प्रायोजकही त्याच पक्षातले एक बडे गृहस्थ.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी ते गृहस्थ नाट्यगृहात आले. मी विंगेत साडीला इस्त्री करत होते. सगळं ऐकू येत होतं.

"अण्णा, ही बाई नको. आपल्या विरोधात लिहिते ती."
"लिहिते की. मला बी पटत न्हाई."
"मग?"
"मग काय साहेब? मी पार्टला माणूस घेतो, पक्षाला न्हाई. पैसा तुमचा हाय, परत न्या. तुमची मर्जी. नाटक माझं हाय."

गृहस्थ गेले. थोड्या वेळात त्यांची माणसं येऊन दारावरचे बॅनर उतरवून घेऊन गेली.

मी अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. "अण्णा, मी सोडते. माझ्यापायी तुमचं नुकसान नको."

इतके चिडलेले अण्णा मी पहिल्यांदाच बघितले.
"तुझ्यावर उपकार करायलो असं वाटायलं का तुला? ह्या पार्टला तुझ्यापेक्षा बरी कुणी भेटली असती ना, तर कालच तुला काढलं असतं. जा, मेकअपला बस."

एवढी मोठी शाबासकी मला नंतर कुणीच दिली नाही.

संध्याकाळी पक्षाचे कार्यकर्ते आले. रीतसर तिकिटं काढून पहिल्या दोन रांगांत बसले. कशाला आलेत ते दिसतच होतं. सलीमभाईंनी गुपचूप मागच्या दाराची चावी आणून माझ्या हातात दिली.

अण्णा पडद्यापुढे गेले.

"तुम्ही मला ओळखता. मी तुमच्यातलाच हाय. ह्या पोरीची मतं मला मान्य न्हाईत, रोज भांडतो मी तिच्याशी. पण आज ती मतं सांगायला येणार न्हाई. नाटक बघा. न्हाई आवडलं तर मला शिव्या द्या. पण आधी बघा."

पडदा उघडला.

पहिला अंक, नुसती शांतता.
दुसऱ्या अंकात सासूबरोबरच्या भांडणात पहिल्या रांगेतला एक जण फिस्सकन हसला. मग त्याच्या शेजारचा. मग रांगच.

शेवटपर्यंत कुणी उठलं नाही. नंतर भेटायलाही कुणी आलं नाही. मुकाट निघून गेले.

अण्णांना तिकीट मिळालं नाही. आघाडीचं पदही गेलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत, त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी सांगितलं.

तरी पक्षाच्या प्रचाराला गल्लोगल्ली फिरत होते!
मी म्हटलं, "अण्णा, एवढं होऊनसुद्धा?"
"पक्ष माझा हाय. त्या साहेबाच्या एकट्याच्या घरचा हाय का?"

ते नाटक खूप चाललं. तेच बघून मला पुन्हा सिरियलमध्ये बोलावलं. आता नायिकेची आई.

गेल्या महिन्यात दवाखान्यात भेटून आले. नाकात नळी होती, आवाज पार खोल गेला होता.

"सिरियल बघायलो तुझी."
"कशी वाटते, अण्णा?"
"रोज एकाच तोंडानं रडायलीस. जरा बदल."

आम्ही दोघं इतके हसलो की काकू मलाच रागावल्या.

आत्ता काकूंशी बोलले. म्हणाल्या, "तुझ्या संघटनेची माणसं बी आलीत गं. ह्यांच्या पक्षाची बी हाईत. घरात बसायला जागा न्हाई."

अण्णा, कामाच्या जागी मला फक्त माझ्या कामावरून जोखणारे तुम्ही पहिले.
लांबूनच पाया पडते. सावकाश जा.