बदलीनंतर काढायचा एक्स-रे

खुब्यांचा एक एक्स-रे काढून ठेवू या, असं डॉक्टरीणबाई पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा आमची लॅब्रेडॉर दहा महिन्यांची होती. लस टोचायला नेली होती. टोचून झालं, मी पट्टा हातात घेऊन उठले, तर त्यांनी मला परत बसवलं. कुत्रीला दोनदा बसायला लावलं, दोनदा उठवलं, दवाखान्याबाहेरच्या फरशीवर पळवलं. ती बसताना मागचे पाय एका बाजूला टाकते आणि पळताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम उचलते, हे त्यांनी मला दाखवलं. मला ते माहीत होतं. आम्हाला ते गोड वाटायचं. माझ्या मोबाइलमध्ये त्याचे व्हिडिओ होते आणि साताऱ्याला बहिणीला ते पाठवूनही झाले होते.

त्यांनी नीट समजावलं. या जातीत खुब्याचा सांधा कधीकधी सैल असतो. लहानपणी कळलं तर पुष्कळ काही करता येतं: वजन आवरायचं, जिने आणि उड्या बंद करायच्या, मांड्यांना ताकद येईल असा व्यायाम द्यायचा. उशिरा कळलं तर सांधा तोवर झिजून जातो आणि मग दुखणं कमी करत बसायचं. गुंगीचं औषध देऊन एक एक्स-रे, बस्स. सकाळी आणा, दुपारी घेऊन जा.

मी म्हणाले, "ट्रान्सफर के बाद करवा लेंगे, डॉक्टर साहब. वहाँ आराम से."

हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज गेलं, ते आज आठवलं की स्वतःचाच राग येतो. पण बदलीची नोकरी ज्यांच्या घरात आहे त्यांना कळेल. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, चंदिगड हे आमचं पाचवं गाव. पाच गावांत मी एक नियम काटेकोर पाळला होता: बदलीचं वर्ष आलं की नवीन काहीही सुरू करायचं नाही. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, पडदे शिवायचे नाहीत. माझी एक दाढ दोन गावं नुसती दुखत होती, ती तिसऱ्या गावात काढली. "तिकडं गेल्यावर बघू" हे आमच्या घरातलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य असेल. आणि मला त्याचा अभिमान होता बरं का! बाकीच्या बायका बदलीची ऑर्डर आली की रडकुंडीला यायच्या, माझं घर तीन दिवसांत ट्रकमध्ये चढायचं.

त्या वर्षी ऑर्डर येणारच होती. पुणे पक्कं, असं ऑफिसात सगळे म्हणत होते. पुण्यात चांगले डॉक्टर असतील, तळमजल्यावरचं घर बघू, मग काढू एक्स-रे. इथं आम्ही सरकारी क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि कुत्रीला दिवसातून चार वेळा खाली न्यायचं. म्हणजे चार वेळा खाली, चार वेळा वर. डॉक्टरीणबाई जिने बंद करा म्हणाल्या होत्या, ते मी घरी येऊन सांगितलंच नाही. दुसऱ्या मजल्यावर राहून जिने बंद कसे करायचे? मग सांगून उगीच डोक्याला ताप कशाला, असा माझा विचार.

ह्यांना एक्स-रेचं मात्र कळलं, कारण लसीच्या कार्डावर लिहिलं होतं. हे मोजमापाची यंत्रं तपासतात. बोलायला एकदम शांत माणूस. म्हणाले, "अगं, बिघाड दिसायच्या आधीच तपासायचं असतं. दिसल्यावर काय, कुणीही सांगेल."

"ती काय तुमचं यंत्र आहे?" मी म्हटलं. "पळते, खाते, घर डोक्यावर घेते. धडधाकट पोरीला गुंगी देऊन झोपवायची आणि तिचे फोटो काढायचे? मला शहाणपणा शिकवू नका."

त्यांनी कार्ड मिटून ठेवलं. आमच्याकडे हे असंच चालतं. मी फटकळ, ते गप्प. लोकांना वाटतं ह्यात त्यांचं नुकसान आहे. त्या वेळी नुकसान तिसऱ्याच जिवाचं झालं.

मी अगदीच काही केलं नाही असं मात्र नाही, आणि तेच मला जास्त लागतं. समोरच्या पार्कात सकाळी कुत्री फिरवणाऱ्यांचा मेळावा असतो. तिथं सांध्यांचा विषय काढायची खोटी, प्रत्येकाकडे एक औषध तयार. कुणाची पावडर, कुणाच्या माशाच्या तेलाच्या गोळ्या, एका आजोबांची हळद आणि मिरी. मी सगळ्यात महागडी पावडर आणली. डब्यावर उडी मारणाऱ्या कुत्र्याचं चित्र होतं. रोज सकाळी दही-भातात एक चमचा पावडर कालवायची, वरून गोळी फोडून तेल. घरभर माशाचा वास सुटायचा आणि मला वाटायचं, घ्या, आणखी काय करायचं असतं? पुढच्या लसीला मी डॉक्टरीणबाईंना डब्याचा फोटो दाखवला, शाबासकी मिळेल म्हणून. त्या म्हणाल्या, "पाउडर दीजिए, मैं मना नहीं करती. लेकिन पहले देख तो लें कि अंदर है क्या." आणि तिच्या बगलेपासून हात फिरवत म्हणाल्या की बरगड्या हाताला लागायला हव्यात, हिचं वजन फार वाढलंय.

माझं डोकं फिरलं. माझ्या घरात आजवर कुणाच्या बरगड्या हाताला लागलेल्या नाहीत! मी तिला तूप लावून पोळी घालायची, शेजारच्या आंटी आलू पराठ्याचा तुकडा घालायच्या, आणि ती खाताना आम्ही दोघी धन्य होऊन बघत बसायचो. दवाखान्यातून बाहेर पडताना मी पुटपुटले, "मेलीनं नजर लावली." खरंच म्हणाले. तेव्हा मला राग आला होता आणि राग आला की मला समोरच्याचं ऐकू येत नाही.

ऑर्डर त्या वर्षी आली नाही. एक वर्षाची मुदतवाढ आली. मग पुढच्या वर्षीही तेच. आणि दर वेळी मी तेच: आता काय, काही महिन्यांचा तर प्रश्न आहे.

पहिलं लक्षात आलं ते मुलीच्या. ती तेव्हा तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण आम्हाला उत्तर देते हिंदीत. तिनं एकदा वर येऊन सांगितलं, "मम्मी, वो पहले फ्लोर पे बैठ जाती है. हर रोज़."

"लाड आहेत तिचे. तू थांबतेस म्हणून बसते."

"वो थकती नहीं है मम्मी. उसको दर्द होता है."

"तू डॉक्टर आहेस का?" मी म्हटलं. पोरगी दारात उभी होती, हातात पट्टा. मग चप्पल घालून परत खाली गेली आणि कुत्रीजवळ पायरीवर बसली. वीसेक मिनिटांनी दोघी वर आल्या. असं पुढं कितीतरी दिवस चाललं, आणि मी रोज वरून ओरडायची, "अगं, या की लवकर, पोळ्या गार होतायत."

जानेवारीतली सकाळ. बाहेर इतकं धुकं की समोरचं पार्क दिसत नव्हतं. मीच तिला खाली घेऊन गेले होते. परत येताना ती तिसऱ्या पायरीवर थांबली. मी पट्टा ओढला. तिनं पुढचे दोन पाय वरच्या पायरीवर ठेवले, मागचं अंग उचलायचा प्रयत्न केला आणि किंचाळली. कुत्र्याचं तसं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. चार दारं उघडली. मी तिच्यावर हात ठेवला तर तिचं सगळं अंग थरथरत होतं, आणि तरीही ती माझा हात चाटत होती. ह्यांनी आणि समोरच्या सरदारजींनी तिला चादरीत घालून गाडीत ठेवलं.

त्या दिवशी एक्स-रे निघाला. दुपारी आणायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो पडद्यावर लावला. मला हाडांतलं काय कळतंय, पण ते कळण्यासाठी शिक्षण लागत नव्हतं. वाटीत लिंबू बसावं तसं मांडीचं हाड खुब्यात बसायला हवं. इथं वाटी उथळ बशीसारखी झाली होती आणि लिंबू तिच्या काठावर टेकलं होतं. दोन्हीकडे. उजवीकडे जास्त. कडेनं हाडाचे खडबडीत कोंब आले होते. त्या म्हणाल्या की हे कालपरवाचं नाही, हे दोन-अडीच वर्षं घासत आलंय.

मला वाटलं आता बोलणार ह्या आपल्याला. मी तयार होते, खरं तर मला बोलणी हवी होती. पण पुढचं लिहायला त्यांनी कार्ड उघडलं, आणि पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात दिसलं: खुब्यांच्या एक्स-रेचा सल्ला दिला. आणि खाली: मालक बदलीनंतर करणार.

ह्यांनीही ते वाचलं.

उजव्या बाजूचं ऑपरेशन करावं लागणार होतं. डावी बाजू औषधांवर जमेल तितके दिवस ढकलायची. पण आधी वजन उतरवायचं, आणि त्याहून आधी जिना बंद. तिला पुन्हा चालता येईल का, एवढंच मी विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल बहुतेक, पण मांड्यांत ताकद उरली नाहीये, ती किती परत येते त्यावर आहे. आणि मग मला हळूच सांगितलं, "मैडम जी, दौड़ना तो अब भूल जाइए."

आमची कुत्री तेव्हा साडेतीन वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ह्यांच्याबरोबर जाऊन तळमजल्यावरच्या क्वार्टरचा अर्ज भरला. एक पान होतं. खाली कारण लिहायला दोन ओळी. आमच्याच ब्लॉकमधलं एक घर कधीचं रिकामं होतं, मी रोज त्याच्या बंद दारासमोरून दूध आणायला जायची. पंधरवड्यात किल्ली मिळाली. किल्ली हातात घेऊन मी त्या रिकाम्या घरात उभी राहिले आणि रडले, चांगली मोठ्यानं रडले. ह्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. "असू दे," म्हणाले. असू कसं द्यायचं?

तूप बंद झालं. पराठा बंद झाला. आंटींना मी हात जोडले. दही-भाताच्या जागी मोजून दिलेलं कोरडं खाणं आलं. ती ताटलीकडे आणि मग माझ्याकडे बघायची, की चुकून विसरलीस का काही. पावडर अजूनही देते. डॉक्टरीणबाईंनीच चालू ठेवायला सांगितली, औषधांच्या जोडीला तिचा थोडा उपयोग होतो म्हणाल्या.

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. त्यानंतर तिला बाहेर न्यायची एक रीत शिकवली: जुना टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या जरा पुढं घालायचा, दोन टोकं दोघांनी धरायची, मागचं वजन आपण उचलायचं आणि पुढचे पाय तिचे तिला टाकू द्यायचे. दोन माणसं लागतात आणि दोघांची पावलं जुळावी लागतात. मुलीनं ते काम पहिल्या दिवसापासून वडिलांना घेऊन केलं. मला तिनं हात लावू दिला नाही. काही बोलली नाही, नुसती "पापा" म्हणून हाक मारायची. मी स्वयंपाकघरातून बघायची. उजवा पाय हवेत आखडलेला, टाके दिसतायत, आणि पोरगी वाकून वाकून तिच्या कानात काहीतरी सांगतेय.

नवव्या की दहाव्या दिवशी हे कामावर गेलेले होते. मुलीची परीक्षा संपलेली. कुत्री अंथरुणावर पडून होती, मी शेजारी भाजी निवडत बसले होते. मुलगी समोर भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "मम्मी, तब एक्स-रे करवा लेते तो?"

उत्तरं माझ्याकडे पुष्कळ होती. बदलीची, क्वार्टरची, पुण्याची. लॅब्रेडॉरला होतंच असं, रक्तातच असतं, हे तर डॉक्टरही सांगतात. आणि ते खोटंही नाही. मी भाजीचं ताट बाजूला ठेवलं.

"तेव्हा काढला असता तर ही आज पळत असती," मी म्हटलं. "कदाचित दुखलं असतं थोडंफार, पण पळाली असती. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुझ्या बाबांनी सांगितलं. तू सांगितलंस. मी ऐकलं नाही. मी चुकले गं."

हा शब्द मी त्या मुलीसमोर आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला होता. ती रडेल, ओरडेल, उठून खोलीत जाईल, असं वाटलं. तेवढ्यात कुत्री उठायची धडपड करायला लागली, पुढच्या पायांवर अंग ओढत दाराकडे तोंड करून.

मुलगी उठली. टॉवेल तिच्या पोटाखालून सरकवला, एक टोक आपल्या हातात घेतलं आणि दुसरं माझ्याकडे केलं.

"पकड़ो," ती म्हणाली. "उसको सूसू जाना है."