चपला बाहेर काढणारी

बारवी धरणाकडच्या पाड्यावरची ती बाई पोलिसांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या आमच्या उल्हासनगरच्या कचेरीत यायची, तेव्हा देवळात शिरावं तशा चपला दाराबाहेर काढायची. तिचा पोरगा पोलीस कोठडीत मेला होता. साहेब दर वेळी म्हणायचे, "आधी खालच्या हापिसांत दाद माग, मग वर ये." म्हणजे ज्या चौकीत पोरगा मेला, तिथंच आधी जायचं! मी कचेरीतला साधा शिपाई, पण ऐकून डोकं सटकायचं.

शेवटी ती म्हणाली, "सगलीकडं जाऊन आले, साहेब."

"मग आता उशीर झाला. मुदत संपली."

ती बाहेर गेली, चिखलाच्या चपला घालून परत आली आणि साहेबांसमोरच्या खुर्चीत बसली.

"हिला बाहेर काढ!" साहेब माझ्यावर ओरडले.

मी एकटाच बाहेर गेलो आणि दार ओढून घेतलं.