खोकणाऱ्या बायकांनी मागं जावं

निपाणीत एका मोठ्या पुढाऱ्यांची सभा ठरली, तेव्हा मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. स्वातंत्र्य अजून यायचं होतं. भाषण इंग्रजीत, म्हणून एकेक वाक्य मराठीत सांगायला मला शेजारी उभं केलं.

सभा भरावी म्हणून तंबाखूच्या वखारी बंद ठेवून तिथल्या बायकांना आणलं होतं. त्यांत माझी थोरली बहीण होती. नवरा वारल्यापासून आक्का तंबाखू चाळत होती. तंबाखूचा खकाणा, ती बारीक धूळ, दिवसभर नाकातोंडात जायचा. तिथं न खोकणारी बाई मी पाहिलेली नाही. माझं शिक्षण तिच्याच मजुरीवर झालं.

उद्योग वाढला तर देश वर येईल, चांगला नागरिक शिस्तीनं वागतो, असं पुढारी सांगत होते. मलाही ते पटत होतं. मी मोठ्या आवाजात सांगत होतो. तेवढ्यात पुढं बसलेल्या एकीला ढास लागली, मग दुसरीला, मग आक्काला. पुढारी थांबले. सभेत शांत बसणं हेही नागरिकाचं कर्तव्य आहे, जमत नसेल तर मागं जावं, असं या बायकांना सांगा, म्हणाले.

आक्कानं पदर तोंडात कोंबला होता. माझं डोकंच फिरलं.

"हे मी सांगणार नाही," मी इंग्रजीत म्हणालो. "हा खोकला तुमच्या उद्योगातलाच आहे."

एक वखारवाले आमच्या शाळेच्या कमिटीत होते. त्यांनी दंडाला धरून मला खाली उतरवलं. कचेरीतल्या एका कारकुनानं पुढाऱ्यांचं ते वाक्य मराठीत सांगितलं. बायका निमूट उठून मागं गेल्या. आक्काही गेली. त्याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी माफीनामा मागितला, नाहीतर नोकरी सोडा म्हणाले. मी नोकरी सोडायचं ठरवून घरी आलो आणि आक्काला माफीनाम्याचं सांगण्याआधी तेच विचारलं, तू का उठलीस?

"वखारीत मलाच जायचं हाय न्हवं?" ती म्हणाली. "तुझी पोरं ल्हान हायत. लिहून दे रं."

'सभेत माझ्याकडून बेशिस्त वर्तन घडले,' असं मी स्वतःच्या हातानं लिहून खाली सही करून दिलं. त्या पुढाऱ्यांवरचा राग कधीच निवला. त्या सहीचा मात्र अजून जात नाही.