उपसलेला झरा

मांडवगण फराट्याच्या पुढं, आईच्या माहेरच्या शिवारात, नदीकाठी दगडाच्या कपारीत एक झरा आहे. घमेल्याएवढा खड्डा, बस. एका रविवारी बायको, लेक आणि आईला घेऊन मी तिथं गेलो. डिकीत पाण्याचा वीस लिटरचा जार होताच, कारण बाहेरच्या पाण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण झऱ्याचं पाणी इतकं नितळ होतं की तळातला खडा न् खडा दिसत होता. ओंजळीनं पोटभर प्यायलो आणि लेकीला ऐकवलं, "बघ, याला निसर्ग म्हणतात. माणसाला हातसुद्धा लावावा लागत नाही."

आई नुसती हसली.

दिवसभर नदीत डुंबलो, भाकरी-पिठलं खाल्लं. लेकीनं झऱ्यात पाय घालून सगळा गाळ वर आणला. निघताना सगळे गाडीत बसले, आई मात्र गायब. मी हॉर्न वाजवला. दोनदा. तिसऱ्यांदा चांगला दाबून धरला. शेवटी तणतणत उतरलो, तर ही पदर खोचून, गुडघ्यांवर बसून, तांब्यानं झऱ्यातलं गढूळ पाणी उपसून बाहेर टाकत होती.

"अगं, आपण निघालो ना आता? कुणासाठी चाललंय हे?"

"मागनं येनाऱ्यासाठी. उपसून ठिवला की नवं पानी भरतंय." मान वर न करताच तिनं विचारलं, "सकाळी तुझ्यासाठी कुनी उपसला व्हता, ठावं हाय?"

मी तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि तांब्या मागितला.