विकायच्या फोटोंसाठी घेतलेला कॅमेरा

अकोल्यात मी एका फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात डिझाइनचं काम करते. वाढदिवस, लग्न, दुकानाचं उद्घाटन, श्रद्धांजली, जे येईल ते. फोटो कधी गिऱ्हाईक आणतं, नाहीतर इंटरनेटवर फोटो विकणाऱ्या साइट असतात, तिथून मी घेते. एकदा एका बियाणं विकणाऱ्या दुकानदाराचं बॅनर करायचं होतं. मी कापसाच्या शेतात उभ्या असलेल्या बाईचा एक छानसा फोटो त्यावर लावला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"ताई, हे कोन्या देशातली बाई होय? आपल्याकडं गुडघ्याएवढे बूट घालून कापूस वेचाले कोनी जाते काय?"

बाईच्या पायांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. त्या दुपारी मी आपल्याकडची वेचणी शोधत बसले. मग तुरीच्या शेंगा शोधल्या, संत्र्याचे ढीग शोधले, भाकरी थापणारे हात शोधले. थोडं सापडलं, पण मनासारखं नाही. हे सगळं माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि त्याचे फोटो कुणी विकायला ठेवले नव्हते. मग मीच का ठेवू नयेत, असं माझ्या मनानं घेतलं.

आधी मोबाइलवर काढून पाठवले. एकूण एक परत आले. मोबाइलवर गोजिरे दिसणारे ते फोटो मोठे करून पाहिले की त्यात रव्यासारखे दाणे दिसायचे. छापणाऱ्या माणसाला ते चालत नाहीत, हे मला माझ्या धंद्यामुळे कळत होतं. म्हणजे कॅमेरा घेणं आलं.

महिनाभर मी व्हिडिओ पाहत होते. नव्यानं सुरुवात करणाऱ्यासाठी स्वस्तातला कॅमेरा कोणता, हे सांगणारी माणसं पुष्कळ होती, पण त्यांचा स्वस्त आणि माझा स्वस्त यांत फार अंतर होतं. लग्नसराईत जादा थांबून मी थोडे पैसे बाजूला ठेवले होते. नवरा म्हणाला, "घे, पण हप्त्यावर नको." मला ते पटलं. फोटो विकले जातील की नाही याचीच खात्री नव्हती, हप्ते कशाच्या भरवशावर भरणार?

माझे बाबा अमरावतीला राहतात. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. आई गेल्यापासून ते एकटेच आहेत. अकोल्याला या म्हणून मी दर सणाला सांगते, आणि ते दर सणाला विषय बदलतात. कॅमेऱ्याची मोठी दुकानं अमरावतीलाही आहेत, हे मी निमित्त केलं. खरं तर मला कुणीतरी सोबत हवं होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयारच बसले होते.

दुकानातल्या माणसानं नव्या पद्धतीचा, आत आरसा नसलेला, तळहातावर मावेल असा कॅमेरा पुढे ठेवला. मी तो डोळ्याला लावला आणि मला तोच हवासा झाला. बाबांनी हातात घेऊन बटण दाबलं.

"आवाज तं येतच नाही याचा. फोटो निघाला हे समजते कसं?"

"काका, आवाज नसणं चांगलं असतं."

"असन. गाडी सुरू हाय का बंद हाय, हे मले आवाजानंच समजते."

दुकानदार हसला. माणूस भला होता. काय काढायचंय, लग्नं का, असं त्यानं विचारलं. मी सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, असे फोटो विकायचे असतील तर कॅमेऱ्यापेक्षा लेन्सकडे जास्त पाहा. कॅमेरा जुना चालतो. लेन्स मात्र चांगली लागते." माझ्या पैशात तो नवा कॅमेरा नुसताच आला असता. चांगल्या लेन्सचं काय, स्टँडलाही काही उरलं नसतं. बाहेर आल्यावर बाबा रस्त्याकडे पाहत म्हणाले, "कमी पडतात ते मी टाकतो." मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण थोडे हिरमुसले. परतवाड्यात एक फोटोग्राफर आपलं सामान विकायला काढतोय, हे त्या दुकानदारानंच निघताना सांगितलं होतं. बाबा लगेच म्हणाले, "परतवाडा? चाल मंग. त्या रोडवर माही अर्धी नोकरी गेली."

फोटोग्राफरचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पुढची खोली म्हणजे स्टुडिओ. भिंतीवर नवरानवरींचे फोटो, एका कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला निळा पडदा. माणूस बाबांपेक्षा बराच लहान, पण त्याचे दोन्ही हात सतत थरथरत होते. "दोन वर्षं झाली," त्याची बायको चहा ठेवत हळूच म्हणाली, "औषध चालू हाय." त्यानं दोन कॅमेरे टेबलावर ठेवले होते. मोठा लग्नांचा, त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. लहान होता तो त्याचा अगदी पहिला, कडेचं रबर सुटत आलेला.

"तुमी काय काढसान?"

मी सांगितलं. तुरी, संत्री, बाजार, घरातली कामं. कुणीतरी कुठेतरी ते विकत घेईल आणि छापेल.

"म्हंजे ज्याचा फोटो त्याले माहीत नाही कोन घेऊन रायलं, आन घेनाऱ्याले माहीत नाही कोनाचा हाय?"

"तसंच काहीसं."

"माह्या धंद्यात तं फोटो घेनारा समोरच बसलेला राहे. डोळे मिटले म्हणून भांडे."

मग त्यानं त्या लहान कॅमेऱ्याला एक आखूड लेन्स बसवायला घेतली. खाच सापडेना. दोनदा घसरली. बायकोनं त्याच्या मनगटाखाली आपला हात धरला, आणि लेन्स टक्कन बसली. बाबा तेवढा वेळ भिंतीवरचे फोटो पाहत उभे राहिले. मलाही कुठे पाहावं कळत नव्हतं.

"ही पन्नास एमएमची. इले झूम नाही. जवळून पायजे असन तं तुमालेच जवळ जा लागीन," तो म्हणाला. कॅमेऱ्याचे दोषही त्यानंच सांगितले. अंधारात काढलं की दाणे येतात. बॅटरी लवकर उतरते. दिवसाच्या उजेडात मात्र दगा देत नाही. सगळं ऐकूनही माझ्या मनात दुकानातला तो हलका कॅमेराच घोळत होता. तेव्हा तो म्हणाला, "एक काढून तं पाहा."

त्याची बायको कपबशा उचलून दारात उभी होती. मी तिचा फोटो काढला. लेन्सला झूम नाही हे विसरले होते, म्हणून दोनदा पुढे-मागे झाले. त्यानं तो फोटो कॉम्प्युटरवर उघडायला लावला आणि म्हणाला, मोठा करा. मी करत गेले. तिच्या पदराचा एकेक धागा दिसला, बशीच्या कडेवरचा चहाचा थेंब दिसला. रव्याचे दाणे कुठेच नव्हते. बाई लाजून म्हणाली, "अवो, पदर तं फाटेल हाय." माझा निर्णय तिथे झाला. लेन्ससकट कॅमेरा माझ्या पैशात बसला आणि स्टँडपुरते वरही राहिले.

देताना त्यानं तो पिवळ्या कापडानं पुसला. पुसतच राहिला. बाबा त्याला म्हणाले, "अमरावतीले दवाखान्यात येत असान ना? गाडी चुकली तं माह्याकडं मुक्काम करत जा. मी एकटाच असतो." त्यानं मान डोलावली.

त्यानंतरचे महिने नकारांत गेले. कधी फोटो वाकडा, कधी फोकस चुकलेला, कधी कोपऱ्यात बिस्किटाच्या पुड्यावरचं कंपनीचं नाव आलेलं. तेही चालत नाही. मग मी घरातल्या डब्यांवरची लेबलं काढू लागले आणि मुलगी कुरकुरू लागली, की मीठ कोणतं आणि खायचा सोडा कोणता ते कळत नाही. हळूहळू हात बसला. तुरीच्या दाण्यांचा एक फोटो विकला गेला. आलेल्या पैशात आम्हा दोघांचा चहा-नाश्ता झाला असता, पण नवऱ्यानं पेढे आणले.

बाबांचा फोटो मी त्यांच्याच घरी काढला. सकाळची वेळ होती. खिडकीतून आडवा उजेड येत होता. ते खुर्चीत चहाचा कप धरून बाहेर पाहत होते. खिडकीखाली त्यांचा कढीपत्ता आहे आणि शेजारच्यांची बकरी त्यावर डोळा ठेवून असते. ती येते का, हे ते पाहत होते. मी दोन पावलं मागे सरकले आणि बटण दाबलं. माणसाचा चेहरा विकायचा तर त्याची लेखी संमती लागते. मी म्हटलं, "बाबा, वाचून सही करा." ते म्हणाले, "तू काढला ना? मंग वाचाचं काय त्यात!"

तो फोटो पहिल्याच आठवड्यात विकला गेला. मग पुन्हा विकला गेला. मी बाबांना फोन करून सांगितलं, तर त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं.

काही दिवसांनी पुण्याच्या चुलतभावानं घराच्या ग्रुपवर एक जाहिरात टाकली. कुठल्याशा वृद्धाश्रमाची होती. खिडकीशी बसलेले माझे बाबा, हातात कप, नजर लांब कुठेतरी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मुलांनी पाठ फिरवली, तर आम्ही आहोत.

दुपारपर्यंत फोन सुरू झाले. आत्यानं थेट बाबांनाच लावला. "दादा, पोरीनं तुले टाकलं काय? मले काहून नाही सांगतलं?" बाबांनी तिला बकरीची गोष्ट सांगितली, पण तिला ती पटली नाही. गल्लीतल्या लोकांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी संध्याकाळी चौकात बसणं बंद केलं, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं.

मी साइटवरून फोटो काढून टाकला. ज्यांनी आधीच घेतला होता त्यांच्याकडून तो परत घेता येत नव्हता. रविवारी मी अमरावतीला गेले. बसमध्ये मोबाइलवर तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. बकरी ठाऊक असूनही मला त्यात बकरी दिसेना. एक म्हातारा माणूस दिसला, कुणाची तरी वाट पाहणारा. जाहिरात करणाऱ्यानं तो का निवडला असेल, ते मला कळलं. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

बाबांनी वरण-भात करून ठेवला होता. जेवताना त्यांनी मला दोनदा भात वाढला. मग मीच विचारलं, "बाबा, राग आला का तुम्हाला?"

"तुह्यावर कायले राग? तुले काय माहीत ते लोकं काय लिहिनार हायेत."

"पण खरं सांगा. एकटं वाटतं का इथे?"

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "दिवसा नाही वाटत. दिवे लावाची येळ झाली का वाटते थोडं. तुही माय त्या टायमाले रेडिओ लावे." मग म्हणाले, "पन अकोल्याले नाही येत मी. तुह्या घरी मले दुपारी बोलाले कोन हाय? इथं दुश्मन तरी ओळखीचे हायेत."

मी हसले आणि मला रडूही आलं. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

यावर उपाय काही मोठा निघाला नाही. मी चेहऱ्यांचे फोटो विकायला ठेवणं थांबवलं. शेतमाल, भांडी, रस्ते, हात, एवढंच ठेवते. बाबांना ते मुळीच आवडलं नाही. "काहून? दोनदा खपलेला माल बंद करतात काय?" असं ते अजून विचारतात. चौकात ते पुन्हा बसू लागले आहेत. कुणी विचारलं तर जाहिरात स्वतःच दाखवतात आणि बकरी कुठे उभी होती ते बोटानं सांगतात. मी आता सुटीच्या दिवशी त्यांच्याकडे जाते आणि आम्ही दोघं फोटो काढायला निघतो. कुठली गाडी कुठे थांबते आणि कुठे चहा बरा मिळतो, ते बाबा ठरवतात. एकदा परतवाड्याला उतरलो तेव्हा फोटोग्राफरच्या घरीही गेलो. तो बाबांकडे दोनदा मुक्कामाला येऊन गेला होता, हे मला तिथे समजलं. माझे फोटो त्यानं एकेक करून पाहिले आणि "अजून जवळ जा लागते," म्हणाला.

मागच्या थंडीत आम्ही चिखलदऱ्याला गेलो. तिथल्या कॉफीच्या झाडांचे फोटो मला हवे होते. पोचलो तर धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता. मी टपरीच्या बाकावर लेन्स पुसत बसले. बाबांनी मात्र तोवर नागपूरच्या एका कुटुंबाशी ओळख काढली होती, त्यांच्या पोराला घाटातली वळणं हातानं समजावून सांगत होते. त्यातल्या बाईनं विचारलं, "काका, फिरायला आलात का?"

"नाही वो," बाबा म्हणाले, "कामावर हाय. मॅडम फोटो काढतात, मी टायमिंग पाहतो."

धुकं दुपारी निवळलं. लाल फळांनी भरलेल्या फांद्या मिळाल्या. एका फोटोत बाबांच्या बाहीचं टोक आलं होतं, तेवढं मी कापून टाकलं नाही.