गायरान, आण्णा आणि आमची फोर-व्हील

जुन्या जीपखाली ऑइल सांडतं ना, तसे आमचे किस्से. पुसायला जावं तर अजून पसरतात.

आम्ही तिघं मुरूम गावचे. मी, हमीद मिस्त्री आणि रिटायर झालेले गुरुजी. लिलावात घेतलेली एक म्हातारी जीप सांभाळतो. चिखलात, चढावर पळवली न्हाय तर तिची फोर-व्हील, म्हणजे चारी चाकांना जोर द्यायची सोय, जाम होती. दुसऱ्याच्या रानात घालायची न्हाय, हा आमचा नियम. कायद्यानं पळवायला जागा द्या, एवढंच मागणं. पण देतंय कोण?

*

पहिल्यांदा वनखात्याच्या माळावर गेलो. गार्डनं अडवलं, आत गाडी न्यायला बंदी. त्याच्या मागनं मुरमानं भरलेला टिपर बाहेर आला. म्हणलं, हे काय मग?

"ते कामासाठी जातंय, काका. तुम्ही मजेसाठी."

चोरी चालती, मजा चालत न्हाय!

*

आमच्या जीपला नुसता फोर-व्हीलचा दांडा ओढून भागत न्हाय. आधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हातानं लॉक करावे लागतात, तवाच पुढच्या चाकांना जोर मिळतो. एकदा हमीदच्या गॅरेजमागं गुरुजी पाहुण्यांना फोर-व्हील समजावत होते. तेवढ्यात म्या गुपचूप दोन्ही हब सोडले. गुरुजींनी दांडा ओढला, मागची चाकं जाग्यावर गरागरा, पाहुण्यांची धोतरं चिखलानं लालकाळी. मिस्त्री, काय दुरुस्त केलंय तुम्ही, म्हणून गुरुजी खवळले.

"गाडी ठीक हाय गुरुजी," हमीद म्हणला. "दोस्त बदला."

*

शेवटी ग्रामसभेत ठराव झाला. गायरानाच्या कोपऱ्यात रविवारी जीप चालवायला परवानगी. नारळ घेऊन गेलो, तर तिथं तारेचं कुंपण अन् आत सोयाबीन. कुंपणाशी आण्णा उभे. शेजारचे मोठे बागायतदार.

"गायरानात गाडी घालायची न्हाय. गुरांचं गवत मरतंय."

गवत कुठाय विचारलं, तर म्हणले, सोयाबीनचं भुस्कट गुरंच खातात की.

*

तलाठ्याकडं गेलो. तरणा पोरगा, मान खाली. "काका, नकाशात ते गायरानच हाय."

"आणि जमिनीवर?"

"जमिनीवर आण्णा हायत."

गुरुजींचं बीपी वाढलं. परवानगी घेऊन आम्ही चोर, अन् कुंपण घालून हे मालक!

*

सोयाबीन काढणीला आलं अन् पाऊस झाला. आण्णांचा नवा ट्रॅक्टर त्याच कोपऱ्यात भरल्या ट्रॉलीसकट रुतला. आभाळ परत भरून आलेलं. ट्रॅक्टर ओढून काढा म्हणून आण्णांचा मलाच फोन आला. आम्ही जीप कुंपणाबाहेर उभी केली. पिकाची पाहणी करायला आलेला तलाठीही तिथंच, निम्मं गाव बघायला.

"आत आणा की," आण्णा म्हणले.

दुसऱ्याच्या रानात आमी गाडी घालत न्हाय, म्या सांगितलं.

"अहो, मीच म्हणतोय ना."

"म्हणजे रान तुमचं?"

आण्णांनी तलाठ्याकडं बघितलं. तलाठी ढगांकडं बघायला लागला.

"गायरान हाय," आण्णा हळूच म्हणले.

"मग तिथं तर तुम्हीच बंदी घातलीय."

वर गडगडलं. आण्णा चपला काढून चिखल तुडवत कुंपणापर्यंत आले अन् स्वतःच्या हातानं तार सोडली.

"कुणासाठी सोडली, आण्णा?" गुरुजींनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"सगळ्यांसाठी."

हमीद खाली उतरला. एक हब लॉक केला, मग दुसरा.